पाणी जाते कुठे?

ट्रक, टायर, वेल्डिंग आणि गॅरेज यांवर रोजी-रोटी चालणारी घरे आपल्या वस्त्यांत पुष्कळ आहेत. म्हणून या महिन्यात सदरात पुस्तकाऐवजी एका जुन्या इंजिनाचा विषय घेत आहोत. गाडीचे काम न करणाऱ्या भगिनींनीही तो वाचावा, कारण इंजिन खोलण्याचा खर्च शेवटी घराच्या पेटीतूनच निघतो.

टेल्को आणि जर्मनीची डाइमलर-बेंझ यांचा करार 1954 साली झाला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक रस्त्यावर आले. 1969 मध्ये हे सहकार्य संपले. त्या काळातला, सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचा एक ट्रक आमच्या परिचयातील एका कुटुंबाने अजून चालता ठेवला आहे. वीट आणि वाळू वाहून तोच घर चालवतो.

अलीकडे त्याच्या रेडिएटरमध्ये एक दिवसाआड लिटरभर पाणी ओतावे लागे. गाडीखाली मात्र एक थेंबही दिसत नसे. एका मिस्त्रीने पाहताक्षणी निकाल दिला, "हेड गॅसकेट गेली, इंजिन खोलावे लागेल." खर्चाचा आकडा ऐकून घरातल्या अम्मींनी बांगड्या काढून बाजूला ठेवल्या. तेवढ्यात थोरल्या मुलाने एका वयस्क उस्तादांना बोलावले. उस्ताद आले आणि मुलाला म्हणाले, "बेटा, पाणी कुठे जातंय ते आधी शोधू. पाना नंतर उचलू." त्यांची तपासणी आम्ही शेजारी बसून पाहिली. ती क्रमाने देत आहोत.

पहिली अट, इंजिन पूर्ण थंड हवे. रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवते, त्यामुळे आतले पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. गरम असताना झाकण उघडले की दाब सुटतो, पाणी एकदम उकळते आणि तोंडावर, हातावर उडते. याच झाकणाची स्प्रिंग सैल पडली किंवा रबर चिरले, तर पाणी वरच्या नळीतून बाहेर जात राहते आणि इंजिन विनाकारण बदनाम होते. म्हणून झाकण सर्वांत आधी तपासावे.

मग इंजिन पुसून कोरडे करायचे आणि रेडिएटर काठोकाठ भरायचा. हातपंपाने दाब द्यायचा, तोही झाकणावर लिहिलेला असेल तेवढाच. पंधरा-वीस मिनिटे काटा पाहायचा. काटा उतरला तर बॅटरी घेऊन एकेक जागा बघायची: होज आणि त्यांचे क्लिप, रेडिएटरचे सांधे, थर्मोस्टॅटचे घर, वॉटर पंपाच्या खालचे बारीक भोक. त्या भोकातून पाणी ठिबकले तर पंपाचे सील गेले असे समजावे. गरम लोखंडावर पडलेले पाणी तिथेच वाळते, म्हणून जमिनीवर थेंब शोधून उपयोग नाही. मागे राहिलेला तांबूस किंवा पांढरट ओघळ शोधावा.

काटा उतरतो पण बाहेर ओल नाही, तर संशय आत न्यावा. रात्रभर उभ्या गाडीच्या ऑइल चेंबरचा खालचा नट किंचित सैल करावा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्यामुळे आत पाणी उतरले असेल तर आधी तेच येते. डिपस्टिकवर ऑइल दुधी दिसले किंवा त्याची पातळी आपोआप वाढली, तर गाडी तिथेच उभी करावी, कारण अशा ऑइलने बेअरिंग खराब होतात. ऑइलच्या झाकणाखाली पावसाळ्यात थोडा फेस दमट हवेमुळेही धरतो. तेवढ्यावरून निकाल देऊ नये.

आणखी एक कसोटी आहे. पंपाचा पट्टा काढून थंड इंजिन मिनिटभरच चालवावे आणि रेडिएटरच्या तोंडाशी पाहावे. आत अडकलेली हवा सुरुवातीला निघून थांबते. बुडबुडे थांबलेच नाहीत आणि रेस दिल्यावर वाढले, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे. मग गॅसकेट फाटली आहे किंवा हेडला चीर आहे, आणि इंजिन खोलणे टाळू नये. पांढऱ्या धुरावर एकट्या विसंबू नये. न जळलेल्या डिझेलचा धूरही पांढराच असतो, पण तो डोळ्यांना झोंबतो.

या ट्रकात बुडबुडे आले नाहीत, ऑइलही स्वच्छ निघाले. दाब दिल्यावर मात्र एक्झॉस्टच्या नळांखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात, ब्लॉकला एक ओली रेघ दिसली. ब्लॉक ओतताना आतली वाळू काढायला ठेवलेली भोके वाटीसारख्या पत्र्याच्या झाकणांनी बुजवलेली असतात. त्यातले एक गंजून सुईएवढे फुटले होते. एका दिवसाच्या मजुरीत सगळी झाकणे बदलून झाली. हेडला हातही लावावा लागला नाही आणि बांगड्या घरातच राहिल्या.

गंजाचे कारण होते विहिरीचे साधे पाणी. चहाच्या पातेल्यात जो पांढरा थर बसतो, तोच इंजिनाच्या आतही बसतो. त्यात गंज मिसळला की वाटा अरुंद होतात. स्वच्छ, बिनक्षाराच्या पाण्यात योग्य प्रमाणात कूलंट घातले तर हे बरेच टळते. वाटेत गळती थांबवायला ड्रायव्हर रेडिएटरमध्ये हळद टाकतात. घर गाठायला ती चालेल, पण तिने बारीक नळ्या चोंदतात, म्हणून तिला दुरुस्ती मानू नये.

कूलंट चवीला गोड असते आणि विषारी असते. ते शरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नका. सांडले तर लगेच धुऊन टाका, मुले आणि मांजरे लांब ठेवा.

ज्यांची मुले गॅरेजमध्ये शागीर्द आहेत, त्या पालकांना आमचे एक सांगणे आहे. मुलगा किती नट खोलतो हे विचारण्याऐवजी, खोलण्याआधी तो काय काय तपासतो ते विचारा. वर्गात आम्ही गणिताच्या पायऱ्या मागतो, कारण नुसत्या उत्तरावरून मुलाला समजले की नाही ते कळत नाही. मिस्त्रीकडेही पायऱ्या मागाव्यात. "काय पाहून म्हणता?" एवढे अदबीने विचारले तर खरा कारागीर रागावत नाही, तो बॅटरी लावून दाखवतो.