सुईचा वार चुकला तर?

लग्नसराई तोंडावर आली की घरातल्या कुणाला ना कुणाला आपल्या वजनाची आठवण होते. पूर्वी अशा वेळी भात बंद व्हायचा आणि सकाळचे फिरणे सुरू व्हायचे. आता आठवड्यातून एकदा टोचून घ्यायच्या इंजेक्शनची चौकशी होते. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड हे औषध माउंजारो या नावाने, तर जून २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड हे वेगोव्ही या नावाने भारतात आले. तेव्हापासून तीन प्रश्न वारंवार कानावर येतात. मात्रा लवकर वाढवली तर? एखादी सुई चुकली तर? आणि औषध महाग आहे, म्हणून पंधरा दिवसांनी घेतले तर?

तिन्ही प्रश्नांचे उत्तर हे औषध शरीरात किती काळ टिकते यात आहे. सेमाग्लुटाइडची सुई घेतल्यावर साधारण आठवड्याने त्यातला निम्मा अंश शरीरात शिल्लक असतो. टिर्झेपटाइड निम्मे व्हायला सुमारे पाच दिवस लागतात. म्हणजे दुसरी सुई घेताना पहिलीचे बरेच औषध अंगात असतेच. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात तसे ते साठत जाते आणि सुमारे महिनाभराने त्याची पातळी स्थिर होते. त्याआधी 'मला गुण येत नाही' असे ठरवणे घाईचे होय.

म्हणूनच मात्रा पायरीपायरीने वाढवतात. सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू होते आणि दर चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ अशा टप्प्यांनी २.४ पर्यंत जाते. टिर्झेपटाइड २.५ मिलिग्रॅमने सुरू होते, चार आठवड्यांनी ५ होते आणि त्यापुढे गरज असेल तरच, किमान चार-चार आठवड्यांनी, २.५ ने वाढवत जास्तीत जास्त १५ पर्यंत नेतात. पहिली मात्रा वजन उतरवण्यासाठी नसतेच. ती पोटाला सवय लागावी म्हणून असते. इथे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधू गेला, तर मळमळ, उलट्या, जुलाब किंवा बद्धकोष्ठ मागे लागते. त्रास होत असेल तर डॉक्टर आहे त्याच मात्रेवर आणखी काही आठवडे ठेवतात किंवा एक पायरी खाली आणतात. त्यात कमीपणा काही नाही. शेजारणीची मात्रा किती वाढली, हा आपला मापदंड नव्हे.

आता चुकलेल्या सुईचे. समजा तुमचा वार रविवार आहे. टिर्झेपटाइड घेत असाल आणि चार दिवसांच्या आत, म्हणजे गुरुवारपर्यंत आठवले, तर लगेच घ्या. त्यानंतर आठवले तर ती सोडून द्या आणि पुढची रविवारीच घ्या. वेगोव्हीच्या बाबतीत पुढच्या सुईला दोन दिवसांहून अधिक अवकाश असेल तरच चुकलेली घ्यावी. दोन सुया एकदम मात्र कधीही घेऊ नयेत. प्रवासामुळे वार कायमचा बदलायचा असेल, तर दोन सुयांमध्ये किमान तीन पूर्ण दिवस जाऊ द्यावेत. लागोपाठ दोन-तीन आठवडे खंड पडला असेल, तर जुन्या मोठ्या मात्रेवर परस्पर उडी मारू नका. पोटाची सवय मोडलेली असते. कदाचित खालच्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

तिसरा प्रश्न पैशाचा आहे आणि तो खरा आहे. पण पंधरा दिवसांनी सुई घेतल्यास मधल्या काळात औषध बरेच उतरते, भूक परत येते आणि पुन्हा पूर्ण मात्रा गेली की मळमळ उफाळते. पैसे वाचतात, पण उपचार अर्धाच होतो. त्यापेक्षा परवडत नाही हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. कमी मात्रेवर वजन आटोक्यात राहत असेल, तर वर चढण्याची गरज नसते. पतिपत्नींनी एकच पेन वापरणे हा तर बचतीचा घातक मार्ग आहे. सुई बदलली तरी रक्तातून पसरणाऱ्या रोगांचा संसर्ग होऊ शकतो.

सुरू करण्यापूर्वी हेही ध्यानात घ्या, की औषध थांबवले की वजन परत येण्याकडे कल असतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २० आठवडे सेमाग्लुटाइड घेतलेल्यांपैकी ज्यांनी ते पुढे चालू ठेवले, त्यांचे वजन आणखी सुमारे ८ टक्के उतरले. ज्यांना नुसती खोटी सुई दिली, त्यांचे जवळजवळ ७ टक्के वाढले. तेव्हा मुहूर्तापुरते औषध घ्यायचा विचार असेल, तर तो आधीच तपासून पाहा.

काही गोष्टी डॉक्टरांपासून लपवू नका. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर साखर एकदम उतरू शकते. उपवासाच्या दिवशी विशेष जपावे. टिर्झेपटाइड सुरू केल्यावर आणि प्रत्येक वाढीनंतर चार आठवडे संततिनियमनाच्या गोळ्यांवर विसंबू नये. मूल हवे असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावे लागते. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना सांगा. पोटात असह्य कळ येऊन ती पाठीकडे जात असेल, तर पुढच्या सुईची वाट न पाहता दवाखाना गाठा.

एक साधा उपाय सुचवतो. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सुईच्या तारखेपुढे मात्रा आणि त्या आठवड्यात झालेला त्रास लिहून ठेवा. डॉक्टरांकडे जाताना तेच पान घेऊन जा. मात्रा वाढवायची, थांबवायची की उतरवायची, हे त्या नोंदींवरून ठरू द्या. लग्नाच्या तारखेवरून नको.