विणकरांनी मत का मागितले?

कापडाच्या धंद्यातील आम्ही मँचेस्टरचे नाव आदराने घेतो. तेथील विणकरांचे काय झाले, हे मात्र विचारीत नाही. हातमागाची मजुरी घसरू लागली तेव्हा त्यांनी किमान मजुरीचा कायदा मागितला. ब्रिटिश संसदेने १८०८ मध्ये तो नाकारला. पुढे यंत्रमाग वाढले आणि हाल आणखी वाढले. ज्यांना मतच नाही त्यांची दाद कोण घेणार?

१८३२ च्या सुधारणेने कारखानदारांना आणि बऱ्याच दुकानदारांना मत मिळाले. मजूर बाहेरच राहिले. म्हणून १८३८ मध्ये सहा मागण्यांची ‘जनतेची सनद’ निघाली. प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत आणि गुप्त मतदान या त्यातील मुख्य. १८४२ च्या अर्जावर ३३ लाखांवर सह्या होत्या. तोही फेटाळला गेला.

मतदान तेव्हा उघड होते, त्यामुळे दुकानदारावर दोन्हीकडून दडपण येई. सनदवाले मजूर आपल्या बाजूच्या दुकानातूनच माल घेत. कारागिराच्या हक्काशी व्यापाऱ्याचा गल्ला बांधलेला असतो, तो असा.

१८४८ नंतर चळवळ विखुरली. पण गुप्त मतदान १८७२ मध्ये आले आणि १९१८ पर्यंत सहापैकी पाच मागण्या कायद्यात उतरल्या. सह्या करणारे बहुतेक तोवर कबरीत गेले होते.

आम्हाला हा हक्क मिळालेला आहे. भिवंडी-मालेगावात आम्ही सुताच्या भावावर आणि विजेच्या दरावर रोज बोलतो. मतदार यादीत घरातील सर्वांची नावे आहेत का, हे किती जण पाहतो? हिशेबाच्या वहीइतकीच ही यादीही तपासावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.