आधी पैशाची सोय, मग घोषणा

सरकारने खर्चाला कात्री लावावी की नाही, यावर महाराष्ट्रात जून २०२४ पासून जोरात वाद चालू आहे. एक बाजू म्हणते, मतांसाठी वाटलेल्या पैशाने तिजोरी रिकामी झाली, आता या योजना गुंडाळा. दुसरी बाजू म्हणते, बड्या उद्योगांना सवलती देताना तिजोरीची आठवण कुणाला होत नाही, गरीब बाईच्या खात्यात दीड हजार रुपये जाताच ती होते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण हा वाद घालताना एक गोष्ट नजरेआड होते. कपात करायची की नाही, हे आता ठरवायचे राहिलेले नाही, कारण कपात केव्हाच सुरू झाली आहे. ती विधिमंडळात चर्चा होऊन, मतदान होऊन ठरत नाही. अर्थसंकल्पात तरतूद दिसते, कामाला प्रशासकीय मान्यता मिळते, भूमिपूजन होते आणि निधी मात्र वितरित होत नाही. अशी न बोलता केलेली कपात सगळ्यांत आधी सुपा-पारनेरसारख्या कोरडवाहू भागावर येते. रखडलेले काम कुणी रद्द केलेले नसते, त्यामुळे जाब कुणाला विचारायचा, हेच इथल्या लोकांना कळत नाही.

आधी आकडे पाहू. १० मार्च २०२५ रोजी अजित पवार यांनी मांडलेला राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सात लाख कोटी रुपयांचा होता. त्यात महसुली जमा ५ लाख ६० हजार ९६४ कोटी आणि महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी, म्हणजे महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटी. राजकोषीय तूट १ लाख ३६ हजार २३५ कोटी. या दोन तुटींतला फरक ध्यानात घ्यायला हवा. धरण, रस्ता, वीज उपकेंद्र, औद्योगिक वसाहत यांसाठी काढलेले कर्ज पुढे उत्पन्नाच्या रूपाने काही अंशी तरी परत येते. महसुली तुटीसाठी काढलेले कर्ज पगार, व्याज, अनुदान अशा चालू खर्चात जाते आणि मागे फक्त हप्ता राहतो. या अर्थसंकल्पात राज्य जे कर्ज काढणार होते, त्यातला साधारण एक तृतीयांश हिस्सा दुसऱ्या प्रकारचा होता. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज हा खर्च टाळता येत नाही आणि त्यातच महसुली जमेचा निम्म्याहून अधिक भाग संपतो. मग उरलेल्यात ओढाताण होते आणि ती भांडवली कामांच्या वाट्याला येते.

ही ओढाताण गेल्या काही वर्षांत स्पष्ट दिसली आहे. जुलै २०२४ मध्ये, मूळ अर्थसंकल्प मांडून महिनाही झाला नव्हता, तेव्हा ९४ हजार ८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. त्यात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेसाठी २५ हजार कोटी होते. ३० जून २०२५ रोजी पुन्हा ५७ हजार कोटींहून अधिक पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. मे २०२५ मध्ये लाडक्या बहिणींच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांचा मिळून साडेसातशे कोटींच्या घरातला निधी वळवला गेला आणि सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी त्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. एक रुपयात पीकविमा २०२३ मध्ये आला आणि २०२५ च्या खरिपापासून गेला. सणासुदीचा ‘आनंदाचा शिधा’ही थांबला. सरकारी कामे करणाऱ्या कंत्राटदारांच्या संघटना थकीत बिलांसाठी रस्त्यावर उतरल्या. यांतला पीकविम्याचा निर्णय तेवढा मंत्रिमंडळाने जाहीरपणे घेतला, म्हणून त्यावर वाद तरी झाला. थकलेल्या बिलांवर असा वाद होऊ शकत नाही, कारण कागदावर ते काम चालूच असते.

सुप्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये. नगर-पुणे महामार्गावरच्या या गावाभोवतीचा माळ पर्जन्यछायेतला आहे. पावसाने दगा दिला की पारनेरची माणसे मुंबईची वाट धरत आणि तिथे हमालीपासून दुकानदारीपर्यंत मिळेल ते करत. त्याच माळावर एमआयडीसीने औद्योगिक वसाहत उभारली आणि पुढे जपानी कंपन्यांसाठी वेगळा टप्पा राखला. कंपन्या आल्या, कारण त्यांच्या आधी सरकारी पैसा आला होता. जमिनीचे संपादन झाले, रस्ते झाले, पाण्याची आणि विजेची व्यवस्था झाली. स्थानिक तरुणांना किती आणि कशा नोकऱ्या मिळाल्या, जमीन देणाऱ्यांना न्याय मिळाला का, हे प्रश्न जिवंत आहेत आणि ते विचारलेच पाहिजेत. पण भांडवली खर्च झालाच नसता तर ते विचारायलाही जागा उरली नसती. राज्याच्या ताळेबंदात ‘भांडवली खर्चात बचत’ असे दिसते, तेव्हा कुठल्या तरी तालुक्याची अशी वसाहत, कालव्याची पोटचारी किंवा ग्रामीण रुग्णालयाची इमारत मागे पडलेली असते.

मग योजनांवर खर्च करूच नये का? महाराष्ट्राकडे याचे स्वतःचे उत्तर आहे आणि ते दुष्काळातून आलेले आहे. १९७२ च्या दुष्काळात आपला अहमदनगर जिल्हा होरपळत होता. त्या काळात सरकारने हात आखडता घेतला असता तर गावेच्या गावे उठली असती. मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास मजूर होते. त्यातून विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आग्रहाने मांडलेली रोजगार हमी योजना आकाराला आली. तिचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. योजनेच्या खर्चाची सोय कशी केली, हे मात्र आज कुणी सांगत नाही. १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातला नोकरदार, व्यापारी, डॉक्टर, वकील यांच्याकडून कर घेऊन तो गावातल्या मजुराच्या हक्कासाठी राखला गेला. त्याला इतर काही अधिभारांची जोड मिळाली आणि जेवढा पैसा या करांतून जमेल तेवढाच राज्याने आपल्या तिजोरीतून घालायचा, असे ठरले. कर भरणाऱ्याला आपला पैसा कुठे जातो ते माहीत होते आणि मजुराला आपल्या हक्कामागे कुठला पैसा उभा आहे तेही माहीत होते. कायमस्वरूपी हक्क द्यायचा असेल तर कायमस्वरूपी उत्पन्नही दाखवले पाहिजे, ही शिस्त त्यात होती. माझे सांगणे एवढेच आहे की दरवर्षी पुन्हा पुन्हा लागणारा खर्च करणारी प्रत्येक नवी योजना याच शिस्तीने यावी.

रोजगार हमी योजनेने दुसरा धडाही दिला, तो तितकाच मोलाचा आहे. १९८८ मध्ये किमान मजुरी एकदम मोठ्या प्रमाणात वाढली आणि रोजगार हमीची मजुरीही तिच्याबरोबर वाढली. मजुरी वाढली ते योग्यच झाले, पण वाढलेल्या खर्चाइतकी तरतूद पुढे सरकली नाही. कायदा तसाच राहिला, हमीचा शब्दही राहिला, मात्र कामे कमी निघू लागली आणि मजुरांची हजेरी घसरली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थतज्ज्ञांनी १९९३ च्या अभ्यासात दाखवले, की मजुरीवाढीनंतर काम मागणाऱ्या सर्वांना काम देण्याची हमी टिकली नाही, कामाचे रेशनिंग सुरू झाले. विधिमंडळात कुणीही हमी मोडण्याचा ठराव मांडला नव्हता. ती निधीअभावी आपोआप मोडली. आज वेगवेगळ्या विभागांत जे घडते आहे, त्याचे हे जुने रूप आहे.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो, की महाराष्ट्राची परिस्थिती एवढी बिकट नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पानुसार राज्यावरचे कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे गेले असले तरी ते राज्याच्या सकल उत्पन्नाच्या सुमारे १९ टक्केच होते आणि राजकोषीय तूट तीन टक्क्यांच्या आत होती. अनेक मोठी राज्ये यापेक्षा खूप पुढे गेली आहेत. हे खरे आहे आणि ‘राज्य दिवाळखोरीत’ अशी आरोळी ठोकणाऱ्यांनी ते मान्य केले पाहिजे. पण कर्ज फेडायचे असते ते महसुलातून आणि सकल उत्पन्नातला फार छोटा वाटा सरकारच्या हाती येतो. शिवाय संकट सांगून येत नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्याबरोबर आपल्या जिल्ह्यातली पिकेही वाहून नेली आणि सरकारला ३१ हजार ६२८ कोटींचे मदत पॅकेज जाहीर करावे लागले. चांगल्या वर्षांत महसुली तूट वाढू दिली, की अशा वाईट वर्षात शेतकऱ्याला देण्यासाठी हात मोकळा राहत नाही. शिल्लक ठेवण्याचा आग्रह धरायचा तो याच शेतकऱ्यासाठी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शिस्तीची भाषा नेहमी गरिबाच्या योजनेपासूनच का सुरू होते? हा राग रास्त आहे. दीड हजार रुपयांनी शेतमजूर बाईच्या घरात औषध येते, मुलीचे शाळेचे सामान येते. तिला फुकटी म्हणणे अन्यायाचे आहे. पण ज्या योजनेमागे कायमचा महसूल नाही, ती त्या बाईच्या दृष्टीनेही कच्चीच असते. २०२४-२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी वर्षाला ४६ हजार कोटींची भाषा होती, पुढच्या वर्षी तरतूद ३६ हजार कोटींवर आली. निवडणुकीपूर्वी घाईने अर्ज मंजूर झाले, निवडणुकीनंतर छाननी सुरू झाली, लाखो नावे संशयित ठरली. दीड हजारांचे एकवीसशे रुपये करण्याचे आश्वासन पुढे पुढे ढकलले गेले. हक्क म्हणून मिळालेली गोष्ट अशी दर महिन्याला धाकधूक वाढवत नाही. बहिणींना पैसे द्यायचे असतील, आणि ते द्यावेत, तर त्यासाठी मुंबई-पुण्यातल्या महागड्या मालमत्ता, चैनीच्या गाड्या, मद्य यांवर किती जादा कर घेणार, हे त्याच दिवशी सांगावे. जून २०२५ मध्ये मद्यावरचे शुल्क वाढवून वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळवण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. उलट क्रमाने आणि उशिरा का होईना, पैशाची सोय करता येते, हे त्यातून सिद्धच झाले.

तिसरे म्हणणे असे, की जीएसटी आल्यापासून राज्यांच्या हातात करच उरले नाहीत. यात मोठे तथ्य आहे. व्यवसाय कराचेच पाहा. राज्यघटनेच्या कलम २७६ ने त्याची मर्यादा १९८८ मध्ये वर्षाला अडीच हजार रुपये केली, ती आजही तेवढीच आहे. शिवाय डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा केला. त्यात शंभरऐवजी सव्वाशे दिवस कामाची हमी आहे, पण खर्चाची विभागणी केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के अशी आहे. मनरेगात अकुशल मजुरीचा पूर्ण भार केंद्राकडे होता. केंद्राने जबाबदारी राज्यांकडे सरकवली तर राज्याने त्याविरुद्ध भांडलेच पाहिजे. पण भांडताना स्वतःचा हिशेब चोख असेल तरच शब्दाला वजन येते. मुद्रांक शुल्क, उत्पादन शुल्क, मोटार वाहन कर आणि वीज शुल्क आजही राज्याकडेच आहेत. त्यांचा वापर करायला राजकीय धैर्य लागते, एवढेच.

दुसऱ्या टोकाचा धोकाही ओळखायला हवा. जर्मनीने २००९ मध्ये कर्जावरची मर्यादा थेट घटनेत घातली. तूट आटोक्यात राहिली, पण पूल, रेल्वे, रस्ते यांची दुरुस्ती मागे पडली. सप्टेंबर २०२४ मध्ये ड्रेस्डेन शहरातल्या मोठ्या पुलाचा एक भाग कोसळला, तेव्हा पायाभूत सुविधांकडे झालेल्या दुर्लक्षाची चर्चा देशभर पेटली आणि मार्च २०२५ मध्ये त्या देशाने घटना बदलून पायाभूत सुविधांसाठी पाचशे अब्ज युरोंचा वेगळा निधी उभा केला. ताळेबंद जुळवण्याच्या हट्टापायी बांधकामावरचा खर्च कापला, तर तो पुढे व्याजासकट करावा लागतो. म्हणून शून्य तूट हे ध्येय असू नये. चालू खर्च चालू उत्पन्नात बसवावा आणि कर्ज फक्त टिकाऊ कामासाठी काढावे, हा नियम पुरेसा आहे.

आपल्या जिल्ह्यातल्या हिवरेबाजारने हा विचार पाण्याच्या बाबतीत कृतीत आणला आहे. पावसाळा संपला की तिथे पडलेल्या पावसाचा आणि उपलब्ध पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि रब्बीत काय पेरायचे ते ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठरते. पाणी कमी असेल तर पीक बदलते, पण कुणाचे पीक बदलणार हे लपवले जात नाही. राज्याच्या हिशेबातही एवढाच उघडपणा हवा. त्यासाठी चार गोष्टी मागता येतात. पुन्हा पुन्हा खर्च लागणारी नवी योजना मांडताना पाच वर्षांचा खर्च आणि त्यामागचा महसूल सभागृहासमोर ठेवणे बंधनकारक करावे. पुरवणी मागण्या आपत्ती आणि न्यायालयीन आदेश अशा खरोखर अनपेक्षित खर्चापुरत्या मर्यादित कराव्यात. मंजूर झालेली पण निधी न मिळालेली कामे आणि थकीत बिले यांची जिल्हानिहाय यादी दर तिमाहीला प्रसिद्ध करावी. आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी राखलेला निधी विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय वळवू नये. महाराष्ट्रातली माहितीच्या अधिकाराची चळवळ ज्या पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीतून उभी राहिली, त्या तालुक्याने ही मागणी पुढाकाराने करावी. सरकारने खर्च कमी केला तर लोक तो एक वेळ सोसतील, पण कुणाचा, किती आणि का कमी केला, हे त्यांना आधी सांगितले गेले पाहिजे.