सोशीक म्हणजे समाधानी नव्हे



स्थळ सुचवताना आपल्याकडे मुलीचं ठरलेलं कौतुक असतं, "फार सोशीक आहे हो, शब्दाला शब्द देत नाही." सोशीक बाई संकटातही टिकते आणि सुखी राहते, असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही.

मानसशास्त्रज्ञ माणसाचा स्वभाव पाच अंगांनी मोजतात: मोकळेपणानं मिसळणं, दुसऱ्याशी जुळवून घेणं, कामातला नेटकेपणा, नव्याची आवड आणि मनाची चटकन होणारी घालमेल. सुखाशी सर्वांत घट्ट नातं दिसतं ते पहिल्या आणि शेवटच्या अंगाचं. मिसळणारी माणसं अधिक आनंदी आढळतात. घालमेल जितकी कमी, तितकं समाधान जास्त आणि धक्क्यातून सावरणंही सोपं. अनेक देशांत असंही दिसलं, की जुळवून घेणं आणि घालमेल ही दोन्ही बायकांमध्ये सरासरीनं पुरुषांपेक्षा थोडी जास्त असतात. म्हणजे तोंडानं "चालेल" म्हणणारी बाई आतून शांत असेलच असं नाही.

आपल्या घरातलंच बघा. सूर्यास्ताआधी सगळ्यांची जेवणं व्हायला हवीत. नोकरीवरून साडेपाचला आलेली सून पर्स ठेवून थेट ओट्याशी उभी राहते. चातुर्मासात महाराजांसाठी चौका लावायचा, तर पहाटेपासून तीच. ती हसतमुख असते, म्हणून सगळे म्हणतात, "तिला काही त्रास नाही." पण रात्री झोप न येणारीही तीच असते.

आपला धर्म हे शिकवतो का? दशलक्षणातले पहिले चार धर्म चार कषायांवरचे उतारे आहेत. क्रोधावर क्षमा, मानावर मार्दव, मायेवर आर्जव, लोभावर शौच. आपण बायकांना क्षमा आणि मार्दव भरभरून शिकवलं आणि आर्जव मात्र विसरलो. आर्जव म्हणजे सरळपणा, मनात जे तेच ओठावर. मनात कढ आणि चेहऱ्यावर हसू, याला धर्म म्हणायचं कसं? मार्दवानं अहंकार सोडायचा असतो, आवाज नव्हे.

कुणी म्हणेल, मूळ स्वभाव कुठे बदलतो? बदलतो, हळूहळू. वय वाढतं तशी बहुतेकांची घालमेल काहीशी कमी होते, असं अभ्यासही सांगतात. शिवाय आपल्याकडे सामायिक आहेच. अठ्ठेचाळीस मिनिटं मनात येणारं-जाणारं नुसतं बघायचं, त्याच्यामागे धावायचं नाही. मितभाषी बाईनं बडबडी व्हायची गरज नाही. शांत स्वभाव हा दोष नाहीच. दाबलेला स्वभाव मात्र आजार होऊन बाहेर पडू शकतो.

पण सगळा भार सुनेच्या सामायिकावर टाकू नका. जिथे बोललं तर उलट उत्तर दिल्याचा ठपका बसतो, तिथे आर्जव पाळणार कसं? म्हणून सासूबाईंना आणि घरातल्या पुरुषांनाही माझी विनंती आहे. यंदा उत्तम आर्जवाच्या दिवशी घरातल्या सर्वांत सोशीक बाईला विचारा, "तुला काय जड जातंय?" ती सांगेल ते मध्येच न तोडता ऐका. आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळची कणीक दुसऱ्या कुणीतरी मळा.