ताडोबाच्या लेकी ओडिशाला का गेल्या?



ज्या घरी शेळ्या आहेत, तिथे एक नियम आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतो. कळपातला बोकड दोन-तीन वर्षांनी बदलायचा. न बदलला, तर तो आपल्याच पाठी फळवतो. मग करडे नाजूक निपजतात, वाढ खुंटते, मरतूक वाढते. वाघालाही हाच नियम लागू आहे. फरक इतकाच, की रानात बोकड बदलणारा धनी नसतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या ताडोबातून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी ओडिशात, मयूरभंज जिल्ह्यातल्या सिमिलिपालच्या जंगलात नेऊन सोडल्या. एवढा खटाटोप कशासाठी, असे तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर तिथल्या वाघांच्या कातडीवर लिहिलेले आहे.

सिमिलिपालचे बरेच वाघ काळे दिसतात. त्यांचे पट्टे इतके रुंद असतात, की एकमेकांत मिसळून जातात. ओडिशाच्या २०२३-२४ च्या गणतीत तिथे २७ मोठे वाघ आढळले. त्यांतले १३ असे काळे. देशाच्या दुसऱ्या कोणत्याही रानात असे होत नाही.

बेंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस या संस्थेतले विनय सागर, उमा रामकृष्णन आणि त्यांचे सहकारी यांनी २०२१ मध्ये याचे कारण दाखवून दिले. प्रत्येक जिवाच्या शरीरात आईबापांकडून आलेला गुणांचा साठा असतो. त्यातल्या एकेका गुणाच्या नोंदीला जनुक म्हणतात. सिमिलिपालच्या वाघांत टॅकपेप नावाच्या जनुकात एक बारीकसा बदल आहे. तो आई आणि बाप दोघांकडून आला, तरच बछडा काळा होतो. मोठ्या जंगलात असे दोघे एकत्र येणे विरळाच. पण सिमिलिपालचे वाघ थोडे, आणि बाहेरचा वाघ तिथे सहसा पोचत नाही. घरातल्या घरात सोयरिकी होत गेल्या आणि तो बदल कळपभर पसरला.

काळा रंग हा काही रोग नव्हे, बरे का. पण तो एक इशारा आहे. रंगाचा गुण असा पसरतो, तसे हृदयाचे किंवा वांझपणाचे दोषही पसरू शकतात. ते मात्र वरून दिसत नाहीत.

वाघाला न पकडता ही तपासणी कशी करतात? रानात पडलेली विष्ठा आणि केस गोळा करून. विष्ठेला वाघाच्या आतड्यातल्या पेशी चिकटलेल्या असतात. त्यांवरून प्रयोगशाळेत वाघ कोणता, नर की मादी, कोणाच्या नात्यातला, हे कळते.

रक्त बदलल्याने खरोखर फायदा होतो का? अमेरिकेतल्या फ्लोरिडात पुमा नावाची रानमांजरे वीस-तीसच उरली होती. शेपट्या वाकड्या, हृदयात दोष, नरांत वीर्यदोष. १९९५ मध्ये टेक्सासहून आठ माद्या आणून सोडल्या. त्यांतल्या पाच व्याल्या. पुढच्या बारा-पंधरा वर्षांत संख्या तिपटीवर गेली आणि दोषही कमी झाले.

पण वाघीण म्हणजे बाजारातून आणलेली शेळी नव्हे. डिसेंबर २०२४ मध्ये झीनत सिमिलिपालहून निघाली, ती झारखंड ओलांडून पश्चिम बंगालात शिरली. वाटेतल्या गावांनी भीतीत दिवस काढले. २९ डिसेंबरला तिला बांकुरा जिल्ह्यात भुलीचे औषध देऊन पकडले आणि परत नेले. गाडीतून वाघ नेणे हा शेवटचा उपाय आहे. खरा उपाय म्हणजे जंगलाला जंगल जोडणारी वाट शाबूत राखणे.

ती वाट आपल्या विदर्भात अजून आहे. ताडोबा, नवेगाव-नागझिरा, पेंच, कान्हा या रानांमधल्या पट्ट्यांतून वाघ येतात-जातात, म्हणून त्यांचे रक्त आपोआप बदलते. २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक तरुण वाघ शेकडो किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला. त्याची बरीच वाट शेताशिवारांतूनच गेली. ही सोयरिकीची वाट आपल्या बांधाजवळून जाते, म्हणून तिचा भारही आपल्यावरच पडतो.

तेव्हा वाघाने जनावर मारले, तर मेलेल्या जनावरावर विष टाकू नका. त्या एका विषाने वाघ, कोल्हे, गिधाडे आणि गावची कुत्री सगळीच जातात. जनावर जागचे हलवू नका, वनखात्याला लगेच कळवा, पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज द्या. भरपाई हा तुमचा हक्क आहे. त्यासाठी पाठपुरावा करायला संकोचू नका. आणि कुंपणात विजेचा प्रवाह सोडू नका. त्यात वाघ मरतो, तसा रात्री पाणी द्यायला निघालेला आपलाच माणूसही मरतो.