टू-ट्वेंटीच्या जागी कोण?

आपल्या हॉस्टेलात सबमिशनपेक्षा जास्त वाद कशावर होत असतील तर ते गाड्यांवर. त्यातही एक विषय असा आहे की रात्री दोनला काढला तरी शेजारच्या चार रूममधली पोरं उठून येतात. तो म्हणजे पल्सर टू-ट्वेंटी. नांदेड घ्या की लातूर घ्या, वरातीपुढे हीच गाडी, गणपतीच्या वर्गणीला हीच, तालमीतल्या पैलवानाला हीच लागते आणि एमपीएससी करणाऱ्यालाही हीच. त्यामुळे 'टू-ट्वेंटी काढून तिच्या पुढच्या पिढीची गाडी घ्यावी का?' असं नुसतं विचारलं तरी अर्धी मुलं अंगावर येतात. मी विचारलं. आणि विचार करून झाल्यावर माझं मत गर्दीच्या उलट पडलं, म्हणून हा लेखप्रपंच.

आमच्या घरची टू-ट्वेंटी २०१० सालची, एमएच-२४ पासिंग. दादाचा डिप्लोमा झाला, पहिली नोकरी लागली आणि त्याने दिवाळीत ती हप्त्यावर घेतली. आता तो चाकणला असतो, गाडी माझ्याकडे आली. लातूर ते नांदेड हे सुमारे एकशेचाळीस किलोमीटर मी महिन्यातून दोनदा तरी तिच्यावर करायचो. चाकूर, अहमदपूर, माळाकोळी, लोहा... प्रत्येक ठिकाणचा चहावाला गाडीकडे बघून ओळखतो, माझ्याकडे बघून नाही! २०२५ च्या दिवाळीत तिला पंधरा वर्षं पूर्ण झाली आणि आरसीची मुदत संपली. आता आरटीओत नेऊन गाडी तपासून घ्यायची, पर्यावरण कर भरायचा, मग पुढे पाच वर्षं मिळतात. तोपर्यंत ती वाड्यात उभी.

अप्पा म्हणाले, "सोयाबीनचं बिल आलं की पैसे देतो, पण एकदाच देतो. काय घ्यायचं ते नीट बघून घे."

समोर तीन रस्ते होते. जुनीच पासिंग करून चालवायची. नाहीतर शोरूममधून नवी टू-ट्वेंटी आणायची. तिसरा रस्ता म्हणजे पास आउट झालेला एक सिनियर त्याची २०२२ ची काळी पल्सर एफ-२५० विकतोय, ती घ्यायची. तिसऱ्या पर्यायाचं नाव काढलं की हॉस्टेलात हशा पिकतो. का पिकतो, हे कळायला थोडा इतिहास लागेल.

पल्सर आली २००१ मध्ये, १५० आणि १८० सीसी अशा दोन रूपांत. तोवर आपल्याकडे गाडी घेताना पहिला प्रश्न एकच असायचा, ॲव्हरेज किती? पल्सरने हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर ढकलला. २००३ मध्ये एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असलेलं डीटीएस-आय तंत्र आलं आणि ॲव्हरेजवाले व पिकअपवाले दोघंही खूश झाले. मग २००७ मध्ये आली पहिली २२०. फ्युएल इंजेक्शन, मागे-पुढे डिस्क ब्रेक, अर्धं फेअरिंग, प्रोजेक्टर हेडलाईट. किंमत मात्र चढी. २००९ मध्ये कंपनीने एक गंमत केली. इंजेक्शन काढून टाकलं आणि कार्बोरेटर बसवला! पुस्तकी हिशेबाने हे एक पाऊल मागे, पण ताकद वाढून २१ पीएसच्या आसपास गेली आणि किंमत खाली आली. 'द फास्टेस्ट इंडियन' ही जाहिरात तेव्हाची. दादाची गाडी याच पिढीतली.

मला विचाराल तर टू-ट्वेंटी आपल्या भागात रुजली ती त्या कार्बोरेटरमुळे. इंजेक्शनच्या गाडीत बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. कार्बोरेटर उघडायला स्क्रूड्रायव्हर, थोडं पेट्रोल आणि फुंकर मारायला तोंड एवढं पुरतं. लोह्यातला मिस्त्री रस्त्याच्या कडेला बसून जेट साफ करू शकतो. जी गाडी लोह्यात दुरुस्त होते ती मराठवाड्यात चालते, हे कुठल्या मार्केटिंगच्या पुस्तकात लिहिलंय का माहीत नाही. पुढे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि टू-ट्वेंटीला पुन्हा इंजेक्शन घ्यावंच लागलं. तोवर मात्र तिचं नाव एवढं झालं होतं की कुणी कुरकुरलं नाही.

आता पुढची पिढी. २८ ऑक्टोबर २०२१ ला एन-२५० आणि एफ-२५० आल्या. त्यातली एफ म्हणजे फेअरिंगवाली, टू-ट्वेंटीची सरळ सरळ वारस. २४९ सीसी, ऑईल-कूल्ड, २४.५ पीएस, मागे दोन शॉकअपऐवजी एकच मोनोशॉक, एलईडी दिवा. वारस आली म्हणून २०२२ मध्ये टू-ट्वेंटीचं उत्पादन थांबवलं. आणि मग काय झालं? २०२३ च्या फेब्रुवारीत टू-ट्वेंटी परत आली! तेच फेअरिंग, तोच चेहरा. पुढे २०२५ च्या सुरुवातीला बातमी आली की खप नसल्यामुळे एफ-२५० बंद. म्हणजे म्हातारीला घरी बसवायला आणलेली सूनच माहेरी गेली. हॉस्टेलातल्या हशाचं कारण हे.

असं जगात पहिल्यांदाच झालं असं नाही बरं का. पोर्शच्या ९११ या स्पोर्ट्स कारच्या जागी १९७७ मध्ये ९२८ आणली होती. इंजिन पुढे, पाण्याने थंड होणारं, आठ सिलिंडरचं. ९११ मध्ये इंजिन मागे आणि हवेवर थंड होणारं. कागदावर ९२८ सगळ्याच बाबतीत पुढची, पण ती १९९५ ला संपली आणि ९११ पिढ्या बदलत अजून चालूच आहे. विशेष म्हणजे पुढे १९९०च्या दशकाच्या शेवटी खुद्द ९११ लाच पाण्याचं इंजिन आलं. चाहत्यांनी आरडाओरडा केला, पण गाडी टिकली. कारण तिचा मूळ घाट सोडलेला नव्हता.

एफ-२५० चं नेमकं इथेच बिनसलं असं माझं मत आहे. टू-ट्वेंटीवाल्याला ताकद कमी पडतेय अशी तक्रारच नव्हती. शेवटची बीएस-६ टू-ट्वेंटी २०.४ पीएसची आणि वजन १६० किलो. नवी २४.५ पीएसची, वजन १६४. हा चार पीएसचा फरक नांदेड-लातूर रस्त्यावर पुढे ट्रॅव्हल्स आणि मागे टिप्पर असताना कुणाला कळणार? आणि दुसरं म्हणजे नाव. पोरं 'पल्सर' म्हणतच नाहीत, 'टू-ट्वेंटी' म्हणतात. इथे आकडा हेच नाव झालेलं. ते बदललं की गाडी परकी वाटते. आपल्या अप्पांच्या पिढीला विचारा, २००९ च्या शेवटी बजाजने स्कूटर बनवणं सोडायचं जाहीर केलं तेव्हा त्यांना काय वाटलं होतं. २०२० मध्ये विजेवरची गाडी आणताना कंपनीला पुन्हा 'चेतक' हेच नाव काढावंसं वाटलं, त्यात सगळं आलं.

काही जण एफ-२५० ला किक नाही म्हणून नावं ठेवतात. अहो, किक टू-ट्वेंटीला तरी कुठे होती? प्रेमात माणूस काहीही बोलतो. असो.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे लेखक टू-ट्वेंटीच घेणार. नाही. मी एफ-२५० घेतोय. कारण हॉस्टेलच्या सगळ्या वादात पिकअप येतो, टॉप स्पीड येतं, लूक येतो, आवाज येतो, पण ब्रेक कुणाच्याच तोंडी नसतो.

आपल्या रस्त्यांची गंमत तुम्हाला सांगायला नको. पावसाळ्यात ट्रॅक्टर शेतातून वर येतो आणि चाकाला चिकटलेली काळी माती डांबरावर सांडत जातो. त्यावर झिमझिम पाऊस पडला की ग्रीस पसरावं तसा थर होतो. दिवाळीनंतर ऊसाचा हंगाम. रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि पंक्चर झाला तर तसाच रस्त्यात उभा. चौपदरी रस्ता झाला, स्पीड वाढलं, ट्रॉली मात्र तशीच अंधारात. अशा वेळी आपण विचार करून ब्रेक मारत नाही, सगळ्या ताकदीने दाबतो. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढच्या चाकावर जातो, मागचं चाक हलकं होतं आणि हलकं झालेलं चाक पटकन जाम होतं. जाम झालेल्या चाकाला दिशा राहत नाही, गाडीचं शेपूट बाजूला यायला लागतं. पुढचं चाक जाम झालं तर त्याहून वाईट, सावरायला वेळच मिळत नाही. हे थर्ड सेमच्या मेकॅनिक्सचं गणित आहे, त्यात शेरास सव्वाशेर असं काही नसतं.

एबीएस हे गणित सांभाळतं. चाक जाम व्हायला लागलं की सेकंदात अनेकदा ब्रेकचं प्रेशर सोडून परत धरतं. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना ते सक्तीचं झालं. पण कायद्याला एका चाकाचं एबीएस चालतं. २०२३ मध्ये परत आलेल्या टू-ट्वेंटीलाही ते पुढच्याच चाकाला होतं. एफ-२५० ला मात्र २०२२ च्या जूनमध्ये आलेल्या काळ्या मॉडेलपासून दोन्ही चाकांना आहे. सिनियरची गाडी नेमकी तीच.

जुलैत आम्ही एक प्रयोग केला. मागच्या मैदानात ओल्या मातीवर, हेल्मेट-जॅकेट घालून, चाळीसच्या स्पीडला फक्त मागचा ब्रेक दाबायचा. दादाच्या गाडीने मातीत लांब, वाकडी रेघ ओढली. २०१० ला कायद्याने एबीएस लागतच नव्हतं, तेव्हा तिच्याकडून वेगळी अपेक्षा नव्हतीच. २५० ची रेघ तुटक-तुटक आणि सरळ. थांबायला अंतर काही फार कमी लागलं नाही, मातीवर ते तसंही लागत नाही. पण गाडी ज्या दिशेला होती त्याच दिशेला राहिली. बघणारी पाच-सहा पोरं गप्प झाली. मग एक जण म्हणाला, "पण टू-ट्वेंटीचा लूक..." लगेच सगळे परत सुरू!

"आम्ही दहा वर्षं चालवायलोत, आम्हाला तर काही झालं नाही," हा युक्तिवाद गावाकडे नेहमी ऐकू येतो. ज्यांना झालं ते आता वाद घालायला कट्ट्यावर येत नाहीत, एवढंच त्यावर माझं म्हणणं आहे.

तोटे आहेतच. बंद पडलेलं मॉडेल घेतोय, पुढे विकताना किंमत येणार नाही. इंजिनाची चिंता नाही कारण तेच इंजिन एन-२५० मध्येही आहे, पण फेअरिंगचा एखादा तुकडा फुटला तर शोधत बसावं लागेल. आणि तो आवाज नाही. टू-ट्वेंटी स्टार्ट झाली की आमची आई आतून चहा टाकायची, आता तिला फोन करून सांगावं लागेल. आमचे नांदेडचे मिस्त्री चाचा तर स्पष्टच बोलले, "देखो बेटा, नयी लेना है तो ले, मगर पुरानी बेचना नक्को. ऐसा इंजन अब नै मिलता." चाचांच्या पोटापाण्याचा प्रश्न जरा बाजूला ठेवला तरी दुसऱ्या वाक्यात दम आहे.

दादाला फोन केला तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दोन्ही चाकांना आहे का नक्की? फोटो पाठव." मागच्या चाकाच्या डिस्कजवळची सेन्सर रिंग दिसेल असा फोटो पाठवला. त्यावर त्याचा मेसेज आला, "घे. पण माझी विकायची नाही."

अप्पांना पैसेही कमीच लागले, जुनी गाडी घेतल्यामुळे. उरलेल्यात मी दोन नवे टायर आणि एक चांगलं हेल्मेट मागितलंय, अजून हो म्हणाले नाहीत. फॉर्म २९ आणि ३० वर सिनियरच्या सह्या झाल्यात. दादा सुट्टीला आला की वाड्यातली टू-ट्वेंटी लातूरच्या आरटीओत नेऊन पाच वर्षांची मुदत घेणार आहे. तिची बॅटरी मी चार्ज करून ठेवलीय, आणि पुढचं टायर घासलंय ते आधी बदल, मगच चाकणला ने, असं त्याला बजावून सांगितलंय.