चित्रपट झाला, प्रेक्षकाचे काय?

ग्रहणकाळी ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ अशी आरोळी देत फिरणारी माणसे महाराष्ट्राला अपरिचित नाहीत. पंजाबातील दलितांमध्येही ग्रहणात दान मागण्याची रूढी आहे. तिच्यावरूनच गुरदयाल सिंग यांच्या १९७६ मधील कादंबरीला ‘अन्हे घोडे दा दान’, म्हणजे आंधळ्या घोड्याचे दान, हे नाव मिळाले. २०११ मध्ये गुरविंदर सिंग यांनी ती पडद्यावर आणली. हे दिग्दर्शक पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. निर्मिती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची, म्हणजे अंतिमतः जनतेच्या पैशाची.

कथानक थोडके आहे. कारखान्यासाठी विकल्या गेलेल्या जमिनीवरील एक घर पाडले जाते. गावातील दलित दाद मागण्यास निघतात. त्यांच्यातील एका वृद्धाचा मुलगा भटिंड्यात सायकलरिक्षा ओढतो. येथे आक्रोश नाही, भाषण नाही. कॅमेरा चेहऱ्यांवर रेंगाळतो आणि प्रेक्षकाला दोन अश्रू ढाळून सुटका करून घेऊ देत नाही. दारिद्र्याकडे दयेने नव्हे, बरोबरीने पाहण्याची ही शिस्त आहे.

या कृतीला तीन राष्ट्रीय पुरस्कार लाभले, व्हेनिसच्या महोत्सवातही ती दाखविली गेली. पण ज्यांची ही कथा, त्यांच्या गावी ती पोहोचावी यासाठी कायमची व्यवस्था कोणती? अशा चित्रपटांना प्रेक्षकच नसतो, हे उत्तर सोयीचे असले तरी पुरेसे नाही. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ २०१४ मध्ये चित्रपटगृहांत आला, तेव्हा जातीचे दाहक वास्तव पाहण्यास मराठी प्रेक्षक तिकीट काढून गेला. ‘फँड्री’ची गती निराळी, हे खरे, परंतु त्याच्यामागे वितरणाचे बळही होते, हे विसरून चालणार नाही.

आज परिस्थिती अनुकूल आहे. २०२२ पासून पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय याच महामंडळात विलीन झाले आहे. निर्मिती, जतन आणि प्रदर्शनाचे सभागृह अशी तिन्ही साधने एका छत्राखाली आली आहेत. महाविद्यालये, तालुक्यांची वाचनालये, शिक्षकांच्या संघटना यांच्यामार्फत असे चित्रपट मराठी उपशीर्षकांसह नेमाने दाखविणे अशक्य नाही. त्याला मोठ्या निधीपेक्षा मोठ्या इच्छेची गरज आहे.

गरिबांवरील चित्रपट केवळ महोत्सवांतील जाणकारांसाठी राहिला, तर पडद्यावर ज्यांना स्थान मिळाले, त्यांना पडद्यासमोर मात्र मिळालेले नाही, असेच म्हणावे लागेल. जनतेच्या पैशाने झालेली कृती जनतेला दाखविणे हे दान नव्हे. ते देणे आहे.